घरगुती कारणास्तव

“मॅडम, हॉस्पिटलातल्या मावशीला करोना झाला, तर तिला भरपगारी रजा मिळते का?”

प्रश्न माझा, पैज मात्र दीप्ती आणि श्रियाची. जानेवारी २०२२ मधली गोष्ट. महाडच्या आमच्या शाळेत पंधरा वर्षांवरच्या मुलांना लस द्यायला सरकारी डॉक्टरबाई आल्या होत्या. रांगेत श्रिया म्हणाली की तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिला करोना झाला तेव्हा सुट्टीतही पगार चालू होता. मी म्हटलं, “माझी आई खासगी हॉस्पिटलात आहे. तिकडे मावशी आजारी पडल्या की पगार बंद.” दीप्तीने लगेच कोपराने ढोसलं. “मग विचार की डॉक्टरबाईंना. सगळ्यांसमोर. एरवी एवढी टिवटिव करतेस ती!”

आणि मी विचारलं! ऑनलाइन वर्गात माइक चालू करायलाही घाबरणारी मी, हात वर करून, अख्ख्या हॉलसमोर!

डॉक्टरबाईंनी सुई बाजूला ठेवली. “मी सरकारी नोकर. मला लागण झाली तेव्हा माझा पगार कापला नाही. खासगीत प्रत्येकाचा नियम वेगळा. तिथे फलकावर काही लावलंय का, बघ. आणि रजेच्या अर्जांत कारण काय लिहिलंय, तेही बघ.”

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वर केलेला हात खाली घेतला. कारण अर्जात काय लिहिलंय ते मला बघायची गरजच नव्हती. ते अर्ज माझ्याच अक्षरातले होते.

आई, म्हणजे रेश्मा, वॉर्डात मावशीचं काम करते. बेडपॅन, चादरी, म्हाताऱ्यांना भरवणं, सगळं. तिथल्या कंत्राटी बायांची यादी ओंकारसरांच्या हातात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, कोणीही आजारी पडलं की अर्जात ‘घरगुती कारणास्तव बिनपगारी रजा’ एवढंच लिहायचं. स्टाफला करोना झाल्याचं कागदावर आलं तर पेशंट यायचे थांबतील म्हणे. मग तिथल्या, आमच्या नात्यातल्या बाया अर्जासाठी घरी यायच्या. “अस्मे, तुझं अक्षर छापल्यावानी हाय गो, दे की लिवून.” मी फुशारून जायची. अकरा अर्ज लिहिलेत मी. अकरा!

सहावा अर्ज ठमामावशीचा. गेल्या एप्रिलमध्ये ती अंगणात लांब उभी होती, तोंडाला पदर लावून खोकत. मी खिडकीतून अर्ज दिला. तो हॉस्पिटलात देऊन ती घरी गेली, एकाच खोलीच्या घरी, नवऱ्याजवळ, काशीरामकाकांजवळ. काका बाराव्या दिवशी करोनाने गेले. तेराव्या दिवशी मावशी कामावर हजर.

शाळा सुटल्यावर मी थेट हॉस्पिटल गाठलं. वॉचमनने कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं. “कोण पायजे?”

“रेश्माची मुलगी. आईचा डबा राहिलाय,” मी ठोकून दिलं.

फलक सापडला औषधांच्या खोक्यांमागे, चपला काढतात तिथे. खोकी सरकवताना कोणी मागून बोलावलं असतं तर मी किंचाळलेच असते. तिथे एक पिवळा पडलेला कागद होता. ‘रुग्णसेवा करताना करोनाची लागण झाल्यास, कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांना, बरे होईपर्यंत भरपगारी रजा व मागील इमारतीत स्वतंत्र खोली मिळेल. अर्जात तसे कारण नमूद करावे.’ खाली तारीख होती, जून २०२०.

ठमामावशीच्या अर्जाच्या दहा महिने आधीची. म्हणजे खोली होती. मागेच, वीस पावलांवर, खोली होती.

लसीच्या कागदामागे मी तो मजकूर शब्द न् शब्द उतरवला आणि पळत सुटले. स्टँडजवळ बाबांची मिनीडोर उभी असते, महाड ते पाचाड सहा सीटची. बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. दम्याचा पंप हातात.

“पाचाडची सीटं सोडली आज,” ते म्हणाले. “तुझ्या आईचा फोन होता. त्या किटात दोन रेघा आल्यात म्हनं.”

वाटभर मी बाबांच्या श्वासाकडे कान लावून बसले. चढाला गाडी घरघरली की मला वाटायचं, बाबाच घरघरले.

आई पडवीत बसली होती, अंगावर शाल, तोंडाला मास्क. आत एक खोली, एक चूल. बस्स. पडवीला कुडाचा आडोसा, त्यातून पलीकडचं दिसतं. करोना त्याला काय अडणार?

“तिथंच थांबा दोघंबी,” आईचा आवाज फाटला होता. “अवो, पुढं येवू नका, पाया पडते तुमच्या. अस्मे, वही घे. ते नेहमीचं लिव.”

“आई, दोनची ड्यूटी होती ना तुझी?”

“गोळी खाऊन जानारच व्हती. ताप उतरला की ते यंत्र काय बोलत नाय. पर उभंच ऱ्हावंना.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. ओंकारसर.

“रेश्माताई, अर्ज संध्याकाळपर्यंत पाठवा. पॉझिटिव्ह-बिझिटिव्ह काही लिहायचं नाही हां. घरगुती. पुढच्या महिन्याची यादी करतोय, उगाच नाव राहून जायला नको.”

“व्हय सर. पोरगी लिवतेय.”

पोरगी लिहितेय! माझ्या हातात पेन होतं खरं. ‘घर’ एवढं लिहूनही झालं होतं, सवयीने. मग बाबा खोकले. एकदाच, साधंच. पण आईने असे डोळे मिटले की मला काशीरामकाकांच्या दारातली रिकामी खाट दिसली.

मी लसीचा कागद काढला, “तुम्ही चपला काढता तिथल्या फलकावर आहे हे,” म्हटलं आणि मोठ्याने वाचला. कंत्राटी कर्मचाऱ्यांसह. भरपगारी. स्वतंत्र खोली. जून २०२०.

“ठमीला म्हाईत नव्हतं,” आई म्हणाली. “मी रोज तिथंच चपला काढते गो. रोज.”

“ऱ्हाऊ दे, बाय,” बाबा म्हणाले. “खरं लिवून नोकरी गेली तर? माझ्या गाडीत सीटं किती, तू बघतेस. लिव गपचूप.”

“आणि खोटं लिहून तुम्ही गेलात तर?”

हे मी बोलले? बाबांना? बाबांनी पंप तोंडाला लावला. भीती मलाही वाटत होती. सरांची, यादीची, सगळ्यात जास्त त्या पंपाच्या फुस्स आवाजाची. मी अंगणातच बसले. ‘घर’ लिहिलेलं पान टराटरा फाडलं आणि नवीन पानावर लिहिलं. ‘वॉर्डात रुग्णसेवा करताना मला करोनाची लागण झाली आहे. फलकावरील नियमाप्रमाणे भरपगारी रजा व स्वतंत्र खोली मिळावी.’ खाली सहीची जागा मोकळी ठेवली.

कागद पडवीच्या उंबऱ्यावर ठेवला, वर दगड ठेवला आणि चार पावलं मागे आले.

“आई, सही करायची की नाही ते तू ठरव. बाबा, तुम्हीपण ऐका. मी ठरवलंय. आजपासून माझ्या हाताने ‘घरगुती कारणास्तव’ लिहिणार नाही. आईसाठी नाही, कुणासाठीच नाही. आणि उद्या ठमामावशीकडे जाऊन मी तिला सांगणार आहे, की काकांच्या वेळी मागे खोली होती, आणि तो अर्ज मी खोटा लिहिला होता.”