इस्त्रीच्या मशीनवरची लाल दोरी

मी तुमच्या डोक्यावरून बोलतेय, जरा वर बघा. लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली लाल दोरी मी. खाली तापलेले रोलर हॉटेलांच्या ओल्या चादरी आत ओढत असतात. कुणाचा हात अडकला, की मला खेचायचं. मशीन जागच्या जागी थांबतं. एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला बसवलं तेव्हा उन्हाळा उन्हाळ्यासारखा होता. आता तो लवकर येतो, उशिरा जातो आणि दरवर्षी आधीच्याला लाजवतो. वर तापलेला पत्रा, खाली वाफ. सुपरवायझर म्हणतो, "हवामानच बदललंय, त्याला कंपनी काय करणार?" हे तो पंख्याखाली बसून म्हणतो. पंखा मशीनवर काम करणाऱ्या बायकांकडे वळवायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

माझ्याखाली दोघी जावा काम करतात. थोरली फटकळ, धाकटी अबोल. गेल्या उन्हाळ्यात चादर सरकवता सरकवता धाकटी कोसळली. अंग फणफणलेलं, पण घामाचा टिपूस नाही. थोरलीनं मला खेचलं.

सुपरवायझर धावत आला. "हात कुणाचा अडकला?"

"कुणाचाच नाही. हिला ऊन लागलंय."

"मग दोरी का ओढली? हा संप झाला. संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते."

"उन्हानं दिली होती का नोटीस?" असं म्हणून थोरली जावेला उचलून बाहेर निघाली. तिच्यामागोमाग सगळ्याजणी गेल्या आणि भिंतीच्या सावलीत बसल्या. ऊन उतरेपर्यंत एकही आत आली नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो बेकायदा संप होता की त्यांचा हक्क, यावर अजून सुनावणी चालू आहे. निकाल लागेपर्यंत थोरलीला कामावरून काढता येत नाही. म्हणून मग माझ्यावर गदा आली. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक शिडीवर चढला, मशीन बंद करणाऱ्या स्विचला बांधलेलं माझं टोक त्यानं सोडवलं आणि शेजारच्या खिळ्याला गुंडाळलं.

"दिसायला होती तशीच राहू दे," सुपरवायझर खालून म्हणाला.

आजचं ऊन कालच्यापेक्षा वाईट आहे. धाकटी पुन्हा कामावर आली आहे. तिचे पाय लटपटताना मला वरून दिसतात. सकाळी थोरली तिला म्हणत होती, "भिऊ नकोस गं. दोरी आहे ना."

बायांनो, माझ्यावर विसंबू नका. कुणी पडायची वाट बघू नका. आत्ताच, सगळ्या मिळून, मशीनपासून मागे सरा. मी जीव तोडून सांगतेय, पण दोरीचं कोण ऐकतं?

धाकटीचा तोल गेलाय, रोलरच्या बाजूला. थोरलीनं मला घट्ट धरून खेचलंय. मशीन चालूच आहे.