काच भरली की मी गप्प

मी बोलतोय ते सीटच्या पाठीमागून. छोट्या ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये जी सांदीची जागा असते, तिथे माझं बिऱ्हाड आहे. मी वूफर. गाण्यातला खालचा, जाडाभरडा आवाज काढायचं काम माझं. शब्द माझ्या वाट्याला येत नाहीत, येतो तो नुसता दणका. नऊ वर्षं एवढंच केलं. आता दमलोय, म्हणून थोडं सांगतो.

कारखान्यात मला कागदाचा पडदा मिळाला, त्याला रबराची कड आणि मागे वजनदार चुंबक. नंतर वर्षभर एका दुकानाच्या फळीवर धूळ खाल्ली. तिथून मला नेलं ते एका काचवाल्याने. खिडक्यांच्या, दुकानांच्या काचा तो कापून आपल्या ट्रकमधून पोचवायचा. मालक तोच, चालक तोच, हमालही तोच. जोडीला बायको. काच एकट्याने उचलता येत नाही. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. काच आणि संसार, दोन्ही त्यांनी असेच दोन टोकांना धरून आणले होते.

काच भरलेली असली की मला गप्प बसावं लागे. माझ्या थरथरीने काचा एकमेकींवर कुरकुरायच्या. माल उतरवून परत निघालं की माझी पाळी.

सुरुवातीला मात्र माझा आवाज काही बसेना. बद्द बद्द वाजायचो, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. काचवाला मला घेऊन एका फिटरकडे गेला. त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने आधी माझं तोंड फिरवून मागच्या पत्र्याकडे केलं आणि मध्ये चार बोटांची फट ठेवली.

"दादा, केबिन म्हणजे डबाच. डब्यात आवाज घुमतो, त्याला फक्त फिरायला वाट हवी."

मग त्याने माझ्या दोन वायरी उलटसुलट केल्या. "पुढचे स्पीकर हवा ढकलतात तेव्हा हा ओढत होता. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. असा संसार चालतो का कुठे?"

"चालतो की," बाहेरून वहिनी म्हणाल्या. फिटर काचवाल्याच्या बायकोला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो.

त्याने दारांच्या पत्र्याला आतून जाड पट्ट्या चिकटवल्या, खडखडणारा जॅक चिंध्यांत गुंडाळला, आणि शेवटी माझा जोर चक्क कमी केला. काचवाला नाराज झाला. "अरे, वाढवायला आणलाय, तू कमी काय करतोस?"

"जोर लावला की आवाज फाटतो. आता ऐक."

त्याने ऐकलं. पाठ सीटला टेकवून डोळे मिटले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग त्याची कुरकूर सुरू झाली. "गाणं कळत नाही. बेस वाढव." कानसेन वाढवायचा. महिन्याभराने पुन्हा तेच. मी ऊर फुटेस्तोवर वाजत होतो. माझ्या रबराला चिरा गेल्या. वहिनी कानांवर रुमाल बांधून बसायच्या.

काच भरलेल्या फेरीत केबिनमध्ये शांतता असे. तेव्हा वहिनी बोलायच्या.

"डावीकडून घ्या, पुढे खणलंय."

"काय आणलंय?"

आधी त्या हसायच्या. "कानात बोळे घातलेत का?" म्हणायच्या. पुढे हसणं थांबलं. मग बोलणंही कमी झालं. काचवाल्याला वाटलं, बायकोचा स्वभाव वयाप्रमाणे शांत झाला.

एकदा एका दुकानाच्या अरुंद फाटकातून ट्रक मागे घ्यायचा होता. वहिनी मागे उभ्या राहून सांगत होत्या. मी गप्पच होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्या तीनदा "थांबा" म्हणाल्या. तिसऱ्यांदा तर ओरडल्याच. काचवाला दुसऱ्या बाजूच्या आरशात पाहत होता. ट्रक फाटकाच्या खांबाला लागला तेव्हाच थांबला. मालातली मागची काच तडकून निसटली. ती धरायला वहिनींनी हात पुढे केला, आणि तळहाताला सात टाके पडले.

"माझाच पाय घसरला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्याने मान डोलावली. मला खरं माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

दोन आठवड्यांनी तो पुन्हा कानसेनच्या दारात. "याचा दम गेलाय. नवा बसव, मोठा."

कानसेनने मला उलटंपालटं करून तपासलं. वायरी पाहिल्या. "रबर चिरलंय, पण अजून वाजतोय," म्हणाला. "थांब दादा, नुसते सूर लावतो. खालून वर जाईन. ऐकू आला की मान हलव."

पहिला सूर माझा होता. काचवाल्याने मान हलवली. मग पुढच्या स्पीकरांचे सूर आले. मान हलली. सूर चढत गेले, बारीक होत गेले. वहिनींनी चेहरा आंबट केला, पट्टी बांधलेला हात एका कानावर दाबला, दुसरा दुसऱ्या कानावर.

काचवाला वाट पाहत होता. "लाव ना पुढचा," तो म्हणाला.

कानसेनने हात वर उचलून दाखवले. यंत्र चालूच होतं, सूर वाजतच होता. काचवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिचे हात अजून कानांवरच होते.

कानसेनने यंत्र बंद केलं. "दादा, वूफर ठीक आहे," तो सावकाश, समोर येऊन म्हणाला. "वरचं तुला ऐकूच येत नाही. खालचं उरलंय, म्हणून तू तेच मागतोयस."

काचवाल्याने बायकोचा हात धरून पट्टीकडे पाहिलं.

"तू त्या दिवशी थांबा म्हणाली होतीस?"

"तीनदा."

"मग पाय घसरला का म्हणालीस?"

"गाडी चालवणं सुटलं तर तुम्ही कराल काय, म्हणून."

त्याने चावी काढून कानसेनच्या टेबलावर ठेवली. त्या दिवशी दोघं चालत घरी गेले. मी तिथेच राहिलो.

कानाच्या डॉक्टरांनी कारणं सांगितली, ती पुढे मी कानसेनच्या तोंडून ऐकली. काच कापायचं यंत्र, इंजिन, आणि पाठीमागचा वूफर. त्या यादीत माझं नाव होतं. मी जीव तोडून वाजलो ते त्याने सांगितलं म्हणून. तरी ते नाव ऐकून माझा पडदा सैल पडल्यासारखा झाला, तो अजून तसाच आहे.

तीन महिन्यांनी तो कानांत यंत्रं घालून आला. डॉक्टरांनी पुन्हा तपासून गाडी चालवायला होकार दिला होता. ट्रक घेऊन निघाल्यावर वळताना त्याने वहिनींना विचारलं, "हे टकटक काय वाजतंय?"

"वळायचा दिवा. गाडी घेतली तेव्हापासून वाजतोय."

त्याने मला एकदा लावून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या आणि लगेच बंद केलं. पुढच्या आठवड्यात कानसेनने माझी वायर काढली. जागा अडचणीची म्हणून मला तिथेच ठेवलं. आता माझ्यावर हातमोजे आणि दोरखंड पडलेले असतात.

परवा काच उतरवून ते रिकामे परतत होते. अर्धा रस्ता झाल्यावर काचवाल्याने हळूच विचारलं, "तू गुणगुणतेस?"

वहिनी एकदम थांबल्या. "रोजच. घरी परतताना."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून."

नऊ वर्षं मी त्यांच्या पाठीशी होतो, पण मलाही ते कधी ऐकू आलं नव्हतं. माझ्याच आवाजात.

"थांबू नकोस," तो म्हणाला.

माझी एवढीच विनंती आहे. भंगारात घालायचं असेल तर घाला, तक्रार नाही. पण ती वायर कोणी पुन्हा जोडू नका. वहिनींचं गाणं अजून संपलेलं नाही.