चार नंबरच्या कॉटवर आई

आजोबांना सात दिवसांसाठी शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, एवढं ठरायलाच घरात तीन महिने लागले. अर्धांगवायूनंतर त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. जीभ मात्र ठणठणीत! तीन वर्षं आईच त्यांचं चोवीस तास सगळं करत होती. शेवटी डॉक्टर तिला म्हणाले, "आठवडाभर पाठ टेकली नाहीत, तर ही पाठ कायमची कामातून जाईल."

"बरं," आई म्हणाली, "पण तिथे एक जरी चूक दिसली, तरी बाबांना घेऊन परत."

म्हणून तुडतुडीचं (नातीचं हे नाव आजोबांनीच ठेवलेलं) सकाळपासून वर्गात लक्ष नव्हतं. शाळा सुटल्या सुटल्या ती दप्तरासकट केंद्राकडे पळाली. आईला घरी न्यायचं, आणि एकटीलाच न्यायचं, बस्स.

खोलीच्या दारातच तिचे पाय खिळले. चार नंबरच्या कॉटवर आई! दोन्ही बाजूंचे कठडे वर, गळ्याशी नॅपकिन, आणि एक मावशी तिला कुस्करलेलं केळं भरवतायत. आजोबा शेजारच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात, भेटायला आलेल्या पाहुण्यासारखे ऐटीत.

"अहो, मला काही झालेलं नाही! मला घरी जाऊ द्या!" आई ओरडली.

"हो हो, जाऊ या हं," मावशी म्हणाल्या, आणि चमचा आत.

झालं होतं असं. कॉटचं डोकं किती वर ठेवायचं, हे आईने सकाळच्या मावशींना स्वतः आडवी होऊन दाखवलं. त्या फाइल आणायला वळल्या आणि इकडे आईचा डोळा लागला. तेवढ्यात पाळी बदलली. नव्या मावशींच्या हातात आईनेच लिहिलेली बावीस पानी वही आली आणि निरोप आला, 'चार नंबरला नवा पेशंट'. त्यांनी आजोबांना विचारलं, "या तुमच्या कोण?"

"सून," आजोबा म्हणाले. "फार दमलीये बिचारी. नीट बघा तिच्याकडे."

यात खोटं काय होतं?

तुडतुडीने वही उघडली. आईचं टपोरं अक्षर: 'पेशंट म्हणेल, मला काही झालेलं नाही, घरी जाऊ द्या. वाद घालू नये. हो म्हणावं आणि भरवावं.'

हसून हसून तिला धड बोलताही येईना. "मावशी, ही माझी आई! पेशंट ते, खुर्चीतले!"

"अगं बाई!" मावशींचा चमचा हवेतच राहिला. "आणि माझ्याकडून दोनदा चहा मागवून प्यायले की हो हे!"

आईने कठडा खाली पाडला. "ही चूक नाही तर काय? चला बाबा, घरी."

संपलं सगळं! तुडतुडीने सुचेल ते विचारलं, "आई, किती वाजले असतील?"

"दोन-अडीच."

"सव्वापाच."

आईने घड्याळाकडे पाहिलं. तीन तास? भरदिवसा?

"वहीत लिहिलंय, दीड तासाने कूस बदला," मावशी खाली मान घालून म्हणाल्या. "मी दोनदा बदलली. पाठीला पावडरही लावली."

"माझी कूस बदललीत? आणि मी जागी झाले नाही?"

"छे! छान घोरत होतात."

आई गर्रकन आजोबांकडे वळली. "मी कूस बदलते तेव्हा तुम्ही अख्खी गल्ली गोळा करता!"

"तू गोणी उलटवल्यासारखी बदलतेस," आजोबा म्हणाले. "करतेस एवढं माझं, म्हणून आजवर बोललो नाही."

आईचा चेहरा पडला, मग हळूहळू वेगळाच झाला. तिने कंबरेवर हात ठेवून मागे वाकून पाहिलं. पाठीत कळ आली नाही. पुन्हा एकदा वाकली. मग हनुवटीवरचं केळं पुसलं आणि पायाने चपला शोधल्या.

"येते बाबा. रविवारी न्यायला येईन."

"सोमवारी ये," आजोबा म्हणाले. "आणि आता ऊठ, मला जरा आडवं होऊ दे."