भरदिवसा बंद

“तपासलं कुणी?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी कागद टेबलावरून त्यांच्याकडे आणखी चार बोटं सरकवला. “आता कुणी म्हणजे... कंत्राटदाराचा अहवाल आलाय ना. सगळं बसवून झालंय. तुम्ही फक्त सही करायची.”

“बसवलंय ते मला माहितीये. बसवताना मी तिथेच उभी होते. तपासलं कुणी, हे विचारतेय.”

कागदावर एकच वाक्य होतं: ‘एक केंद्र बंद पडल्यास दुसरे केंद्र दोन मिनिटांच्या आत काम सुरू करते, हे प्रत्यक्ष तपासले आहे.’ त्याखाली तारीख, आणि ‘यंत्रणा प्रमुख’ या शब्दांवर रिकामी रेघ. संध्याकाळी पाचच्या आत तो आरोग्य खात्यात पोचायला हवा होता. नाहीतर दुसऱ्या केंद्राची मंजुरी पुन्हा पहिल्या पायरीवर जाणार होती.

यंत्रणा प्रमुख म्हणजे बाई. रुग्णवाहिका केंद्रात येण्याआधी त्यांनी चार वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला होता. इथे आल्या तेव्हा कंट्रोल रूममधली एक मुलगी त्यांची विद्यार्थिनी निघाली. ती ‘बाई’ म्हणाली, मग सगळेच म्हणायला लागले. एकोणीस वर्षांत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

शहरातल्या बासष्ट रुग्णवाहिकांमध्ये एकेक टॅबलेट होता. कुठल्या पत्त्यावर जायचं, कुठल्या दवाखान्यात खाट मोकळी आहे, हे त्यावर दिसायचं. हे सगळे टॅबलेट इंटरनेटवरच्या एकाच नावाला हाक मारत, आणि त्या नावामागे या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचे सर्व्हर होते. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या गोदामात, तसेच सर्व्हर बसवले होते. इथले पडले तर नावाचा पत्ता आपोआप बदलून हाक तिकडे जावी, एवढीच अपेक्षा.

“तपासायचं म्हणजे इथलं बंद करून बघायला लागेल,” साहेब म्हणाले. “चालू दिवसात? लोकांचे जीव आहेत, बाई.”

“म्हणूनच दिवसा. ते बंद पडायचंच आहे साहेब, आज ना उद्या. मग आपण सगळे हजर असताना पडू दे की. गाड्यांना आधी सांगू, हातात कागदी याद्या देऊ, वायरलेस आहेच.”

“पुढच्या आठवड्यात बघू.”

“पुढच्या आठवड्यात मी नाहीये.”

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बाईंची रजा त्यांनीच मंजूर केली होती. आज संध्याकाळी सहाला दवाखान्यात दाखल व्हायचं, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. अर्ज सहा आठवड्यांचा होता. “सहा पुरतील ना?” असं बाईंनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. बाईंना तेवढं पुरलं होतं.

“मी नसताना हे कुणी तपासणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाही माहितीये. आणि या कागदावर माझं नाव राहील. न बघितलेलं बघितलं म्हणून मी लिहायची नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर ही रेघ रिकामी राहील.”

साहेबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाईंनी तेवढ्यावर काम सुरू केलं.

खाली आवारात ड्रायव्हरांचे म्होरके काका टायरवर पाय ठेवून उभे होते. बाईंनी त्यांच्या हातात याद्यांचा गठ्ठा दिला आणि अकरा वाजता काय करणार ते सांगितलं.

“म्हणजे धडधाकट माणसाचा गळा आपणच दाबायचा?” काका म्हणाले.

“दाबायचा आणि बघायचं, घर चालतंय का.”

“तुमचं बोलणं म्हणजे ना बाई! सकाळी सकाळी.” काकांनी याद्या मोजल्या. “देतो वाटून. पण माझ्या पोरांच्या अंगावर काही आलं तर?”

“माझ्या अंगावर घेईन.”

“तुमच्या अंगावर आहे काय शिल्लक? वारा आला तर उडाल.” असं म्हणून काका हसले, आणि मग त्यांना आपलंच बोलणं लागलं. ते घाईनं पुढच्या गाडीकडे गेले.

तिसऱ्या मजल्यावर कंत्राटदाराचा इंजिनिअर वाट बघत होता. चाळिशीचा, कानाजवळ पांढरा झालेला, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस. नावाला पत्ता देण्याचं काम, म्हणजे डीएनएस, बाहेरची एक कंपनी सांभाळायची. तिच्या पडद्यावर बटणं होती. इंजिनिअर ती दाबायला निघाला तसं बाईंनी त्याला थांबवलं.

“बटण नको. फाइल लिहू आणि एपीआयनं पाठवू.”

“एकाच कामाला एवढा खटाटोप?”

“बटण कुणी दाबलं, का दाबलं, हे उद्या कोण सांगणार? फाइल राहते.”

बाईंच्या सगळ्याच फाइलींमध्ये प्रत्येक ओळीवर एक कारण लिहिलेलं असे, साध्या भाषेत. आजही त्यांनी तसंच लिहिलं. नाव एक, पत्ते दोन. शंभरातल्या सत्तर हाका इथे, तीस गोदामात. दर वीस सेकंदांनी दोन्ही ठिकाणी विचारणा. तीनदा नीट उत्तर आलं नाही तर तो पत्ता यादीतून बाद. आणि दिलेला पत्ता कुणीही तीस सेकंदांपेक्षा जास्त लक्षात ठेवायचा नाही, पुन्हा विचारायचा.

विचारणा कशी करायची यावरून दोघांची आदल्या दिवशी जुंपली होती. इंजिनिअरच्या मते ‘आहेस का?’ एवढं विचारलं की झालं. बाईंनी ते खोडून ‘आत्ता किती गाड्या मोकळ्या आहेत?’ असं ठेवलं. आतून निकामी झालेली आणि तरी हाकेला ‘आहे, आहे’ म्हणणारी यंत्रं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. माणसंही.

फाइल एपीआयच्या वाटेनं, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट कंपनीच्या यंत्राकडे, गेली. पलीकडून ‘स्वीकारले’ असं उत्तर आलं. अकरा वाजता बाईंनी नेटवर्कची जाड निळी वायर स्वतःच्या हातानं काढली.

काचेपलीकडच्या कंट्रोल रूममधले पडदे गोठले. पहिली विचारणा चुकली, दुसरी चुकली, तिसरी चुकली. नावामागचा पहिला पत्ता गळाला. दीड मिनिट व्हायच्या आत पडदे एकेक करून जिवंत झाले. आकडे गोदामातून येत होते. इंजिनिअरनं टाळी वाजवली.

“बघितलंत? उगाच जीव टांगणीला लावला.”

तेवढ्यात वायरलेस खरखरला. “बाई, माझी पाटी कोरी आहे.” काकांचा आवाज. मग दुसरा, तिसरा. कुणाच्याही टॅबलेटवर काहीच नव्हतं.

दोन मिनिटं झाली. चार झाली. पाचव्या मिनिटाला एका बेकरीतून फोन आला. भट्टीजवळचा माणूस छातीवर हात दाबून खाली बसला होता. कंट्रोल रूममधल्या मुलीनं पत्ता वायरलेसवर दोनदा सांगितला. काकांनी कागदी यादीतून दवाखाना काढला आणि गाडी हाणली. बाईंनी लगेच वायर परत लावली, तसे टॅबलेट लागले. मग खिडकीजवळ उभ्या राहून त्या वायरलेस ऐकत राहिल्या. बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट धरलेली होती. माणूस गाडीत घेतल्याचं काकांनी कळवलं, मग दवाखान्यात पोचवल्याचंही. तेव्हा त्यांनी बोटं सोडवली. टॅबलेट लागले.

“बोला,” त्या इंजिनिअरला म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला होता. तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला आणि पाच-सात मिनिटांनी खालच्या आवाजात म्हणाला, “टॅबलेटवरचं अ‍ॅप सकाळी सुरू होताना पत्ता एकदाच विचारतं. मग दिवसभर तोच धरून बसतं. तीस सेकंदांचं ते मानतच नाही.”

“कुणी लिहिलं?”

“मीच. दर वेळी विचारण्यात वेळ जातो म्हणून.”

“किती जातो?”

“अर्धा... अर्धा सेकंदसुद्धा नाही.”

बाईंनी तो आकडा फाइलीत लिहून घेतला. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर त्याला परवडलं असतं.

“बदलायला किती वेळ?”

“बदल छोटा आहे. बासष्ट टॅबलेटवर पोचायला चार वाजतील. पण आमच्या ऑफिसची परवानगी...”

“मागा. आणि मिळेपर्यंत बदल लिहून ठेवा.”

दुपारी साहेबांनी बोलावलं. खोलीचं दार उघडंच होतं आणि आवाज जिन्यापर्यंत येत होता.

“माझ्या नाकावर टिच्चून केलंत! पाच मिनिटं बासष्ट गाड्या आंधळ्या! पेपरात आलं तर तोंड कुठे लपवू मी?”

“आज पाच मिनिटं. हे आपल्याला न कळता पडलं असतं तर सबंध दिवस. आणि कुणाच्या हातात कागदी यादीही नसती.”

“ठीक आहे. चूक सापडली, तो दुरुस्त करतोय. झालं ना? आता तरी सही करा.”

“दुरुस्त झालं असं तो म्हणतोय. सकाळी चालतंय असंही तोच म्हणत होता. मी पुन्हा बंद करून बघणार.”

साहेब उठून उभे राहिले. “तुम्हाला मी आत्ता या क्षणी कामावरून बाजूला करतोय.”

“लेखी द्या.”

“देतो!”

“टाइप व्हायला किती वेळ लागेल?”

“आं? अर्धा तास.”

“मग तेवढा वेळ मी प्रमुख आहे,” बाई म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांना कठड्याला धरून थांबावं लागलं. वरून कुणी येतंय असं वाटलं तेव्हा त्या ताठ झाल्या आणि पुन्हा चढू लागल्या.

अर्ध्या तासाचा तास झाला, दोन झाले. पत्र आलं नाही. साहेब खरंच टाइप करायला बसले होते की नुसतेच दार लावून बसले होते, कुणालाच कळलं नाही.

चारला बाईंच्या मुलीचा फोन आला.

“आई, बॅग भरलीये. चष्म्याचं घर कुठेच सापडत नाहीये. मी निघू ना?”

“नीघ. पण खाली थांब. एक काम राहिलंय.”

“तुझं रोजच एक काम राहिलेलं असतं.”

“हो गं. पण आज खरंच एकच राहिलंय.”

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. “थांबते,” मुलगी म्हणाली.

चार वाजून वीस मिनिटांनी बासष्टावा टॅबलेट नवा बदल घेऊन बसला. इंजिनिअरला परवानगी मिळाली होती की नाही, ते बाईंनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. ड्रायव्हरांना सांगून झालं, याद्या पुन्हा हातात गेल्या. इंजिनिअर सवयीनं निळ्या वायरीकडे गेला.

“ती नको,” बाई म्हणाल्या. त्या भिंतीवरच्या मोठ्या स्विचपाशी उभ्या होत्या.

“सगळीच वीज? बाई, एवढं कशाला?”

“वायर निघाली तर काय होतं ते सकाळी बघितलं. खोलीच जळाली तर काय होतं ते बघायचंय.”

आधी त्यांनी यंत्रांमधली माहिती गोदामात पूर्ण पोचल्याची खात्री केली, आणि मग स्विच खाली ओढला. हिरवे दिवे रांगेनं गेले.

इंजिनिअर घड्याळाकडे बघत राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. वायरलेसवर चकार शब्द नाही. तीन. चार. त्यानं अंगठ्याचं नख तोंडात घातलं. सहाव्या मिनिटाला वायरलेस खरखरला तसा तो दचकून उभाच राहिला.

“बाई, करताय कधी हो?” काका वैतागले होते. “पोरं याद्या धरून बसलीत. मधल्यामध्ये मी एका आजीला सोडून पण आलो.”

“पत्ता कशावर आला?”

“कशावर म्हणजे? टॅबलेटवर.”

“काका, झालं ते. सहा मिनिटं झाली बंद करून.”



“काय सांगता! कळलंसुद्धा नाही.”

“नाहीच कळायला पाहिजे,” बाई म्हणाल्या.

साहेब दारात येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे. बाईंनी कागद गुडघ्यावर घेतला आणि छापील वाक्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘सकाळी अकरा वाजता तपासले, नापास. दुपारी दुरुस्ती. चार वाजून बत्तीस मिनिटांनी पूर्ण वीज बंद करून पुन्हा तपासले.’ मग रेघेवर सही केली, आखूड नाही, पूर्ण नावानिशी.

साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं. “‘नापास’ लिहायलाच हवं होतं का?”

“हो.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, साहेबांनीही बघितलं.

“ते तुम्ही परत आल्यावर बघू,” ते म्हणाले, आणि बाईंची सही असलेला कागद जपून धरून पाचच्या आत पोचवायला निघाले.

“सुरू करू?” इंजिनिअरनं विचारलं. त्याचा हात स्विचवर होता.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. यंत्रांचे पंखे थांबले होते. या खोलीत इतकं शांत त्यांनी एकोणीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, मध्येच अडखळणारा. खाली फाटकातून एक गाडी बाहेर पडली. तिचा भोंगा कोपऱ्याशी वाढला, वळला आणि जिथे जायचं होतं तिकडे, सरळ, दूर जात राहिला.

“नका,” त्या म्हणाल्या. “एक मिनिट राहू दे असंच.”