उलट्या सल्ल्याचा माणूस

तीन दिवस धाकट्या लेकाने शिवणकामाचं दुकान उघडलं नव्हतं. घरातलं कुणी गेल्यासारखा तो दाढी वाढवून टीव्हीसमोर बसला होता, आणि याचाच आईला संताप आला होता. गेलं कुणीच नव्हतं. शेअर बाजाराच्या चॅनेलने तो आरडाओरडा करणारा सल्लागार काढून टाकला होता, एवढंच.

"रोज तर शिव्या घालायचास त्याला," आई म्हणाली.

"घालायचो. पण तो घे म्हणाला की मी विकायचो, विक म्हणाला की घ्यायचो. सात वर्षांत एकदा फसलो नाही, आई. ही नवी बाई कधी बरोबर सांगते, कधी चूक. माणसाने भरवसा ठेवायचा कुणावर?" त्याला परत आणा, असं चॅनेलला लिहिलेलं पत्र त्याने पुढे केलं. खाली त्याच्यासारख्याच चाळीस दुःखितांच्या सह्या होत्या.

बाहेर एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेल्या कोटासाठी तिसऱ्यांदा दार वाजवत होतं. आईने पत्र बाजूला सारलं.

"उलटं वागायलाच माणूस हवाय ना तुला? मग मी बसलेय की घरात. जन्मापासून माझ्या उलटच वागत आलायस. आता नीट ऐक. ते दुकान अजिबात उघडायचं नाही."