थेंब पडल्याशिवाय नाव नाही

मित्रांनो, मी एक जुना गुंड आहे. दचकू नका. तुमच्याकडे गुंड कोणाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमच्या झाडीपट्टीत मात्र पाणी भरायच्या मोठ्या भांड्याला गुंड म्हणतात. मी तांब्याचा, पोटाने मोठा, गळ्याने आखूड, आणि वयाने इतका म्हातारा की अर्जुनी मोरगावला पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्या शिट्टीने माझ्या पोटातलं पाणी हिंदकळलं होतं. थापा मारायची मला खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. रिकाम्या भांड्याचा आवाज मोठा, हे तुमच्या गुरुजींनी सांगितलंच असेल. पण आजच्या माझ्या गोष्टीत एक शब्द अगदी खरा आहे. तो शेवटी येईल, तोवर धीर धरा.

भंडाऱ्याकडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. पाण्यासाठी नव्हे. माझ्या खांद्यात त्याने एक गोल भोक पाडलं, कारण तिथे बांबूची नळी बसायची होती. मित्रांनो, मी मोहाची दारू गाळायचा गुंड होतो.

मला विकत घेतलं ते एका तरुण विधवेने, हातातले चांदीचे कडे मोडून. तिचा नवरा तलाव बांधणाऱ्या लोकांपैकी होता. गावचा मोठा तलाव बांधायचं काम चालू असताना पाळीची, म्हणजे बांधाची, ओली माती ढासळली आणि तो तिच्याखाली गेला. सासरच्यांनी हिला पांढऱ्या पायाची ठरवून घराबाहेर काढलं. कडेवर बिसराम नावाचं लेकरू. तिने त्याच पाळीच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली झोपडी घातली, मला चुलीवर चढवलं आणि दारूचा गुत्ता उघडला. दारू गाळायला तिला कोणी शिकवलं, हे मला विचारू नका. मी तेव्हा नवा होतो, चटक्यांनीच हैराण होतो.

पण दारू काय उतरायची! आमच्या इकडच्या प्रतापगडाच्या जंगलातली अस्वलं वासावर यायची आणि माणसांच्या मागे शहाण्यासारखी बसून राहायची. एकदा एका अस्वलाने मध्येच घुसायला पाहिलं, तर बाकीच्या अस्वलांनीच त्याला मागे ढकललं. हसा, हसा. पण पुढची गोष्ट थाप नाही.

एका वर्षी तलावाचं काम अर्धवट पडलं. मजूर दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेले. पाळ अशीच राहिली असती, तर पहिल्या पुरात वाहून गेली असती, आणि तिच्यासोबत त्या मातीखालचा माणूसही. माझ्या मालकिणीने त्या दिवसापासून गुत्त्याचा नियमच बदलला. पिणाऱ्याने आधी टोपलीभर माती पाळीवर टाकायची, मगच पेला मिळायचा.

"जेची टोपली रिकामी, तेचा पेलाबी रिकामा," ती म्हणायची.

पिणारे चिडले, शिव्या देऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन आले. त्यांच्या तहानेने पाळ उभी राहिली. आज त्या तलावाच्या पाण्यावर सगळ्या गावाचं धान पिकतं, आणि ती पाळ कोणी बांधली याच्या फुशारक्या मी कैक ऐकल्या आहेत. गुत्त्याचं नाव मात्र कोणीच काढत नाही.

आता वाईट भाग. तो वगळला असता तर बरं झालं असतं, पण मग गोष्टीला तळच उरत नाही. तलाव भरला त्या पावसाळ्यात एक माणूस माझ्यातली दारू पिऊन पाळीवरून घरी निघाला आणि तोल जाऊन पाण्यात गेला. सकाळी त्याची बायको झोपडीसमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही.

"तुया नावानं कोनी पानी सोडनार नाई," एवढंच म्हणाली आणि गेली.

माझ्या मालकिणीने चूल विझवली. माझ्या खांद्यातली नळी उपसून मोडली. कल्हईवाल्याकडून त्या भोकावर तांब्याचं ठिगळ लावून घेतलं. पुढचं सगळं आयुष्य ती मला घेऊन पाळीवर बसायची आणि वाटसरूंना फुकट पाणी पाजायची. गंमत बघा, माझ्यातली दारू ज्यांनी आनंदाने प्यायली, तेच म्हणायचे, "ह्या गुंडातलं पानी आमी नाई पित."

बिसराम मोठा झाला. तलावाखालच्या जमिनीत राबून मानाचा शेतकरी झाला. आई गेली आणि पहिली अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे पितरांची नावं घेऊन पाणी सोडतात. बिसरामने बापाचं नाव घ्यायचं ठरवलं, आजाचं ठरवलं, आणि बायकोला म्हणाला, "मायचं नको."

त्याच्या बायकोने वाद घातला नाही. माळ्यावरून मला काढलं, चिंचेने घासलं आणि इतकं काठोकाठ भरलं की पाणी माझ्या ठिगळापर्यंत चढलं. ठिगळ थोडं सैल होतंच. कोणी पहिलं नाव घेण्याआधी तिथून एक थेंब अंगणात पडला. तो मी मुद्दाम पाडला असं मी सांगत असतो. त्या सुनेनेही तो मुद्दामच पाडला असावा.

दरवर्षी तसंच होत गेलं, आणि घराची रीत पडली: गुंड काठोकाठ भरायचा, थेंब पडला म्हणजे पितर जागे झाले, मग नावं घ्यायची. थेंब पडल्याशिवाय नाव नाही. तो थेंब कोणाचा, हे पुरुष कधीच विसरून गेले होते.

आता घरात दुधराम म्हातारा कर्ता आहे, त्याची बायको मंदाबाई आणि गोंदियाच्या कॉलेजात शिकणारी नात रेणू. यंदा दुधरामच्या मनाने घेतलं की अक्षय तृतीयेला सगळ्या कुळाला अंगणात गोळा करायचं आणि वंशावळ मांडायची. ते काम त्याने पुतण्याला, कैलाशला दिलं. कैलाशचं गोंदियात मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. त्याने एक भलामोठा फ्लेक्स छापून आणला. त्यावर हिरवंगार झाड, आणि मुळाशी बिसराम, फेटा बांधलेला, झुबकेदार मिशांचा. मी बिसरामला लहानपणापासून पाहिलंय. त्याला मिशी कधी धड आलीच नाही.

"कैलाशकाका, बिसरामचे मायबाप कुठं हायेत?" रेणूने विचारलं.

"बिसराम डायरेक्ट हाय."

"डायरेक्ट म्हंजे? आभाळातून पडला का?"

"तू जादा दिमाग नको लावू. फ्लेक्सवर जागा नाई उरली."

दुधराम खाटेवरून म्हणाला, "बिसरामची माय काशीले गेली, तिकडंच राहिली. माया बापानं असंच सांगतलं."

रेणू गप्प बसणारी नव्हती. आदल्या दिवशी मला घासताना तिचं बोट माझ्या ठिगळाच्या कडेवरून गोल फिरलं.

"आजी, इथं भोक होतं. पान्याच्या गुंडाले खांद्यात भोक कायले?"

मंदाबाईने आधी दाराकडे पाहिलं. "घास मुकाट्यानं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तीच जवळ येऊन बसली आणि सासूने तिला सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने सांगितलेलं, सगळं हळू आवाजात नातीला सांगितलं. गुत्ता, टोपल्या, बुडालेला माणूस, शाप. एक शब्दही चुकला नाही. मी ऐकत होतो.

त्याच संध्याकाळी कैलाशने माझ्याकडे निरखून पाहिलं. "इतके पाव्हणे येऊन राहिले आन् गळका गुंड ठेवता का समोर? बेइज्जती होईल ना." बाजारातून आणलेला, भोकं बुजवायच्या मसाल्याचा लगदा मळून त्याने माझं ठिगळ कोणाला न विचारता लिंपून टाकलं. मित्रांनो, मी चुलीचे चटके सोसले आहेत, पण त्या लगद्याइतकं मला काही लागलं नाही. एवढ्या वर्षांत तिला माझ्याकडून मिळायचा तो एक थेंब, आणि तोही बंद.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. दुधराम पाटावर बसला. पळसाच्या पानांचे द्रोण मांडले. मला काठोकाठ भरलं. सगळे वाट पाहू लागले.

थेंब पडेना.

ऊन चढलं. दुधरामच्या ओठांवर बिसरामचं नाव येऊन थांबलेलं होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "पितर झोपूनच रायले का?" एकजण हसला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या पितरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

"काय चुकलं आपलं?" तो म्हणाला.

कैलाश पुढे आला. "काकाजी, म्या बुजवला तो. गळत होता म्हनून."

"मंग आता थेंब येनार नाई," मंदाबाई बोलली. सगळ्या पुरुषांसमोर ती असं कधी बोलली नव्हती. "तो थेंब पितरायचा नोहताच. तो बिसरामच्या मायचा होता. हा गुंड तिचा. याच्यातच दारू गाळून तिनं लेकरू पोसलं, तलावाची पाळ बांधून घेतली. काशीले कोनी गेलं नाई. ती इथंच मेली."

कैलाश फ्लेक्सकडे पाहत म्हणाला, "म्हंजे आपन दारूवालीचे? छापून झालं ना, काकी."

दुधरामचा चेहरा काळवंडला. "इतके वर्सं तू मले सांगतलं नाई?"

"इतके वर्सं तुमी इचारलं नाई."

मला वाटलं, आता हा मला लाथ मारणार. भंगारवाल्या मुन्नालालची हातगाडी डोळ्यांपुढे आली. पण दुधराम कोपऱ्यातला विळा घेऊन आला आणि टोकाने माझ्या खांद्यावरचा लगदा खरवडू लागला. घाम त्याच्या नाकावरून माझ्यावर टपकत होता. शेवटचा तुकडा निघाला, आणि माझा थेंब पडला.

दुधरामने द्रोण हातात घेतला. "नाव काय तिचं?" तो मंदाबाईला म्हणाला.

मंदाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"सांग ना."

"माया सासूनं नाई सांगतलं. तिच्या सासूनंबी नाई." "सुनेनं सासूचं नाव कसं घ्यावं?"

बघा, मित्रांनो. पुरुषांनी लाजेने नाव टाकलं, आणि ज्या बायकांनी सगळी गोष्ट जिवापाड जपली त्यांनी मानापायी ते ओठावर आणलं नाही. शाप द्यायला आलेल्या त्या बाईलासुद्धा इतकं नीट जमलं नसतं.

दुधरामने द्रोण पुढे धरला. मग "बिसरामची माय" एवढंच म्हणून त्याने पाणी सोडलं. ते मातीत जिरलं. रेणूने पेन घेतलं, फ्लेक्सवर मिशीवाल्या बिसरामच्या खाली एक गोल काढला आणि कोरा ठेवला. कैलाशने तिला अडवलं नाही.

त्या वेळी मी ओरडत होतो. आतून, पूर्ण ताकदीने. पण भरलेल्या भांड्याचा आवाज होत नाही.

आता अंगण रिकामं झालं आहे आणि मीही रिकामा आहे, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. तुमच्या घरात एखादं जुनं भांडं गळत असेल, तर बुजवण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते कोणासाठी गळतं. आणि विचाराल तेव्हा नावही विचारून घ्या. उशीर करू नका.

अस्वलांची गोष्ट विसरलात तरी चालेल. तिचं नाव सुभद्रा. ती गेल्यापासून ते कोणीही उच्चारलेलं नाही. पाणी पिताना एकदा मोठ्याने म्हणा. रेणूच्या कानापर्यंत पोचलं, तर तिचा तो गोल भरेल.