फक्त रियाजासाठी

वैजनाथरावांनी पडद्यावरची ती ओळ निवडली आणि खोडायच्या कळीवर बोट टेकवून ते थांबले.

"काका, एवढी एकच ओळ," शेजारी खुर्ची ओढून बसलेली उत्कर्षा म्हणाली. "बाकी सगळं छान आहे."

संगीताचे एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींपैकी ती एक. निवृत्तीनंतर वैजनाथरावांनी हौसेने केलेला तानपुऱ्याचा प्लगिन, म्हणजे जोडून वापरायचा छोटा प्रोग्राम, त्या सॉफ्टवेअरसोबत जगभर फुकट जाई. त्यातला सूर न् सूर त्यांच्या पत्नीच्या, विमलाबाईंच्या, तानपुऱ्याचा. ऐन मे महिन्यात, रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको म्हणून पंखा बंद करून त्या घामाघूम होत वाजवत बसल्या होत्या. त्यांची अट एकच: हा रियाजापुरता वापरावा, मैफलीत तानपुऱ्यावर माणूस बसवावा. वैजनाथरावांनी ती प्लगिनच्या वापर-परवान्यात जशीच्या तशी लिहिली होती.

कुठे वापरायचे यावर बंधन आले की ते मुक्त राहत नाही, उत्कर्षाने समजावले. मग ते सोबत देताही येत नाही. अट काढली नाही, तर नव्या आवृत्तीतून तानपुरा वगळावा लागणार होता.

"हिला विचारतो," वैजनाथराव पुटपुटले.

"विचारा की. पण आवृत्ती आजच निघतेय. आणि परवाने वाचतं कोण, काका? मी वाचला, हीच चूक झाली."

विमलाबाई भाजी आणायला गेल्या होत्या. यायच्याच बेतात होत्या. वैजनाथरावांनी जन्मभर कारखान्यात दुसऱ्यांनी काढलेल्या आराखड्यांच्या नकला केल्या होत्या. त्यांचे स्वतःचे असे काही लोक वापरत होते, ते पहिल्यांदाच. जिन्यात ओळखीची पावले वाजली, तशी त्यांनी कळ दाबली.

कोथरूडच्या दिवाळी पहाटेला दर वर्षी गायिका प्रियदर्शनी गाई आणि तिच्या मागे तानपुऱ्यावर विमलाबाई असत. यंदा वसुबारस उजाडली तरी बोलावणे आले नाही. विसरली असेल म्हणून विमलाबाईंनीच फोन लावला. प्रियदर्शनी फार मायेने बोलली. या वयात पहाटेच्या गारठ्यात तुम्हाला कशाला त्रास, म्हणाली. लॅपटॉपवर सोय झाली आहे, आणि आवाज तर हुबेहूब तुमच्याच तानपुऱ्याचा, काकू.

विमलाबाईंनी फोन खाली ठेवला. वैजनाथरावांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण पान बराच वेळ उलटले नव्हते.

"अट वाचली नसेल तिनं," विमलाबाई म्हणाल्या.

"नसेल वाचली."

त्यांनी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली रेशमी साडी उचलली, पुन्हा कपाटात ठेवली आणि एक सुती काढली.

"आपण जाऊ या. पुढच्या रांगेत बसू. इतकी वर्षं झाली, गाताना तिचा चेहरा कसा दिसतो ते मला माहीतच नाही."